पायाखालचं ऊन पाणी

मुलांनो, तुमच्यावर कधी खोटा आळ आला आहे का? म्हणजे चूक तुमची नाही, पण सगळ्यांनी मिळून ती तुमच्याच नावावर लिहून टाकली, असं? आणि तुम्ही खरं सांगत असतानाही कुणी ऐकून घेतलं नाही, असं? तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी आता मान डोलावली असणार. मग ही गोष्ट तुमच्यासाठीच आहे. ही गोष्ट एका जुन्या ट्रकची आहे, त्यावरच्या क्लीनरची आहे आणि थोडीशी माझीही आहे. माझी का, ते पुढे कळेलच.

मी पेण तालुक्यात प्राथमिक शाळेत शिकवते. माझा थोरला भाऊ रोह्याला राहतो. त्याच्याकडे एक छोटा ट्रक आहे, वीस वर्षांचा म्हातारा! दादा तो स्वतःच चालवतो. पेण म्हणजे गणपतींचं गाव, हे तुम्हांला ठाऊक आहेच. पेण शहरात, हमरापूर-जोहे भागात घरोघरी मूर्तींचे कारखाने. आषाढ-श्रावणात तिथून मूर्ती बाहेरगावी निघतात. दादाचा हाच मोठा हंगाम. खाली पेंढा, मूर्तींच्या मध्येमध्ये पेंढा आणि वर ताडपत्री, असे बाप्पा घेऊन तो पेणहून रोह्याला जातो. वडखळ, नागोठणे आणि मग महामार्ग सोडून भिसे खिंड चढायची, की पुढे रोहा. रस्ता एकूण चाळीसेक किलोमीटरचा.

2024 साली राखीपौर्णिमा 19 ऑगस्टला होती आणि गणेश चतुर्थी 7 सप्टेंबरला. राखीच्या आदल्या दिवशी, रविवारी, मी दादाच्याच ट्रकमधून रोह्याला निघाले. दादा स्टिअरिंगवर, मध्ये त्याचा क्लीनर आणि खिडकीशी मी. हा क्लीनर एकोणीस वर्षांचा पोरगा. दहा वर्षांपूर्वी चौथीत माझ्याच वर्गात होता. तेव्हाही अबोल, आताही अबोल.

पाऊस मुसळधार होता. समोरची काच आतून सारखी धुरकट होत होती आणि पोरगा वर्तमानपत्राच्या बोळ्यानं ती पुसत होता. नागोठणं मागे पडलं, खिंडीचा चढ लागला. अर्ध्या चढावर टेम्परेचरचा काटा तांबड्या पट्ट्यात गेला. दादानं गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. पुढून वाफेचा फुस्स आवाज येत होता.

"पाणी भरलं होतंस का रे निघताना?" दादा कडाडला.

"भरलं होतं दादा. पेणला काठोकाठ भरलं."

"मग गेलं कुठं? प्यायलास काय? ही तिसरी खेप! मागे बाप्पा आहेत, त्यांना असं रस्त्यात ताटकळत ठेवतोस? उद्यापासून येऊ नकोस. मी दुसरा माणूस बघतो."

पोरगा गप्प. आणि मुलांनो, इथे मी जे बोलले ते मला आजही टोचतं. मी हसत हसत म्हणाले, "अरे, चौथीतसुद्धा वर्गाचा माठ भरायचं काम तुझ्याकडे होतं. आणि दोनदा माठ कोरडा सापडला होता, आठवतं ना?"

त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. मी थट्टा केली होती. पण आळ पक्का करायला बाईंची साक्ष मिळाली ना!

तासभर आम्ही तिथेच बसलो. इंजिन गार होईपर्यंत थांबणं भाग होतं. पोरगा झाकणाला हात घालायला गेला तेव्हा दादानंच त्याला अडवलं. याचं कारण तुम्हीही नीट समजून घ्या.

इंजिनात डिझेल जळतं आणि भयंकर उष्णता निर्माण होते. ती वाहून न्यायला इंजिनाभोवती पाणी खेळवलेलं असतं. तापलेलं पाणी पुढच्या रेडिएटरमध्ये येतं. रेडिएटर म्हणजे बारीक नळ्या आणि त्यांना चिकटलेल्या पातळ पत्र्याच्या झालरींची जाळी. तिच्यावरून वारा गेला की पाणी निवतं आणि पुन्हा इंजिनात जातं. हे चक्र अखंड चालू. रेडिएटरचं झाकण साधंसुधं नसतं. ते कुकरच्या शिट्टीसारखं आतला दाब धरून ठेवतं. दाब वाढला की पाणी उशिरा उकळतं. एरवी 100 अंशांना उकळणारं पाणी, दाब अर्ध्या वातावरणाइतका वाढला तर सुमारे 111 अंशांपर्यंत उकळत नाही. प्रेशर कुकरमध्ये भात लवकर शिजतो तोही याच नियमानं. दनी पापँ नावाच्या शास्त्रज्ञानं 1679 मध्ये असं पहिलं भांडं तयार केलं होतं. आता विचार करा, दाबाखालच्या अशा पाण्यावरचं झाकण एकदम उघडलं तर? पाणी क्षणात उसळून तोंडावर येतं. म्हणून गरम गाडीचं झाकण कधी, कधीही उघडायचं नाही.

इंजिन निवल्यावर दादानं झाकण उघडलं. अडीच लिटर पाणी मावलं! रात्री नऊला आम्ही रोह्यात पोचलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी राखी बांधून झाली. मी गाडीतली माझी पिशवी आणायला गेले, तेव्हा गाडीच्या कागदपत्रांची फाईल खाली पडली होती. ती उचलली, तर मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीच्या उभ्या रेघा दिसल्या. चार रेघा आणि त्यांच्यावरून पाचवी आडवी, असे गठ्ठे. शेजारी तारखा. कुठे 'भरलेली', कुठे 'रिकामी' असं लिहिलेलं. अक्षर ओळखीचं होतं. ते वळण मीच गिरवून घेतलं होतं.

क्लीनर अजून गेला नव्हता. हिशेब घ्यायला ओट्यावर बसून होता. मी विचारलं, "हे काय रे?"

"एक रेघ म्हणजे एक लिटरची बाटली, बाई. जेवढं पाणी घालायचो तेवढं लिहायचो. भरलेल्या गाडीला दोन बाटल्या लागतात, रिकाम्या गाडीला एक. गेल्या महिन्यात अर्धीच लागायची."

मी फाईल दादापुढे ठेवली. पाणी भरायला विसरणारा मुलगा असा हिशेब ठेवील का? दादा बराच वेळ त्या रेघांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे गाडीच पाणी खातेय. चल, मिस्त्रींना बोलावून आण."

मिस्त्री साठीच्या घरातले. बोलणं कमी, बघणं जास्त. ते म्हणाले, "पाण्याला जायला वाटा चारच. एकेक बंद करत जाऊ." मला फार गंमत वाटली. गणितात आपण पर्याय गाळत जातो ना, तसंच हे!

पहिली वाट बाहेरची. रेडिएटर, रबरी पाईप, पाण्याचा पंप यांतून पाणी खाली ठिबकत असेल. रात्री गाडी पडवीत उभी केली आणि खाली कोरडे पुठ्ठे पसरले. सकाळी पुठ्ठे कोरडे ठणठणीत.

दुसरी वाट इंजिनाच्या आतली. पाणी आत शिरून जळत असेल तर सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहतो, आणि तेलात मिसळत असेल तर तेल दुधाच्या चहासारखं दिसतं. मिस्त्रींनी तेल पाहायची पट्टी ओढून दाखवली. तेल काळंभोर. धूरही पांढरा नव्हता.

तिसरी वाट झाकणाची. झाकणाचं रबर गेलं असेल तर पाणी वाफ होऊन निघून जातं. मिस्त्रींनी नवं झाकण बसवलं. दादा नागोठण्याला जाऊन आला. तरी एक बाटली कमीच!

"मग चौथी वाट कुठली?" मी विचारलं.

मिस्त्रींनी उत्तर दिलं नाही. ते क्लीनरकडे वळले. "गाडीत सगळ्यांत जास्त वेळ तू बसतोस. तुला काही वेगळं जाणवतं का?"

पोरगा जरा घुटमळला. दादाकडे पाहून म्हणाला, "मी मागे एकदा सांगितलं होतं. पायाखालची चटई सारखी ओली असते."

"ओली असणारच," दादा म्हणाला. "भर पावसात चिखलाचे पाय घेऊन चढतोस."

"पण दादा, ते पाणी ऊन लागतं. चढ चढताना जास्तच."

मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला. "पावसाचं पाणी ऊन असतं का कधी?"

आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो. रविवारी मी त्याच्या शेजारीच बसले होते. पण माझ्या पायांत पावसाळी बूट, मला काय कळणार! चपला काढून बसणाऱ्या पोरालाच ते कळलं होतं. आणि त्यानं सांगितलंही होतं.

मिस्त्री म्हणाले, "या गाडीला हीटर आहे का?"

दादा हसायलाच लागला. "हीटर? रोह्यात? इथे घामाच्या धारा लागतात!"

पण मिस्त्रींनी डॅशबोर्डवरच्या एका दांडीकडे बोट केलं. आमचा क्लीनर तिला हात पुसायचा पंचा अडकवत असे. ती हीटरची दांडी होती! दादानं ही गाडी जुनी म्हणून विकत घेतली होती. त्याआधी ती हिमाचल प्रदेशात सफरचंदांचे खोके वाहत असे. तिथल्या बर्फात हीटरशिवाय भागत नाही. गाडी कोकणात आली, तिच्याबरोबर हीटरही आला आणि कुणाला त्याची आठवणच राहिली नाही.

गाडीतला हीटर विजेच्या शेगडीसारखा नसतो. त्यात फार सुंदर युक्ती आहे. इंजिनातलं गरम पाणी एरवी वाऱ्यावर गार होऊन उष्णता फुकट जाते. त्यातलं थोडं पाणी दोन पाईपांनी केबिनमध्ये आणतात. तिथे डॅशबोर्डच्या खाली, पेटीत, शाळेच्या पाटीएवढा एक छोटा रेडिएटर असतो. म्हणजे पुढच्या मोठ्या रेडिएटरचं धाकटं भावंडच. याला हीटरचा कोअर म्हणतात. त्याच्यामागे पंखा. पंखा लावला की कोअरवरून गरम वारा आत येतो. फुकट जाणाऱ्या उष्णतेत ऊब! हीटर नको असेल तेव्हा मध्ये बसवलेली तोटी बंद करतात. आमच्या गाडीची तोटी गंजून अर्धवट उघडी राहिली होती. त्यामुळे हीटर बंद असला तरी कोअरमध्ये पाणी खेळतच होतं.

पण नुसत्या संशयावर गाडी उघडायची नाही, असं मिस्त्रींचं म्हणणं. त्यांनी रेडिएटरमधलं साधं पाणी काढून टाकलं आणि कुलंट घातलं. कुलंट म्हणजे गोठू नये, गंजू नये म्हणून पाण्यात मिसळायचं द्रावण. त्यात ग्लायकॉल नावाचा पदार्थ असतो आणि ओळखता यावं म्हणून रंग घातलेला असतो. आमचं कुलंट हिरवं होतं. "आता पाणीच सांगेल मी कुठे गेलो होतो ते," मिस्त्री म्हणाले.

ही युक्ती ऐकून मला भूगोलातली एक गोष्ट आठवली. जर्मनीत डॅन्यूब नदीचं पाणी एके ठिकाणी पात्रातूनच जमिनीत गडप होतं. ते जातं कुठे? सुमारे 12 किलोमीटरवर आख नावाच्या गावी एक मोठा झरा आहे. तिथेच ते येत असावं असा संशय होता, पण पुरावा नव्हता. 1877 मध्ये शास्त्रज्ञांनी नदीत 10 किलो रंग ओतला. साधारण अडीच दिवसांनी आखचा झरा चमकदार हिरवा वाहू लागला! तिथे शास्त्रज्ञांनी जे केलं, तेच आमचे मिस्त्री रोह्यात एका ट्रकच्या पोटात करत होते.

दादा दोन खेपा करून आला. मिस्त्रींनी केबिनमधली चटई उचलली. खाली हिरवं पाणी! आणि केबिनमध्ये गोडसर वास. कुलंटचा वास असाच गोडसर असतो. पण मुलांनो, वासावर जाऊ नका. ग्लायकॉल विषारी आहे. कुत्री-मांजरं गोड म्हणून चाटतात आणि दगावतात. आम्ही ते सगळं चिंध्यांनी टिपून घेतलं, काढलेलं कुलंट झाकणाच्या कॅनमध्ये भरलं, आणि वहिनींनी अंगणातल्या मांजराला दिवसभर घरात कोंडून ठेवलं.

आता एक कोडं उरलं होतं. रात्री गाडी उभी असताना गळती का होत नव्हती? तुम्ही सांगू शकाल? सायकलची ट्यूब आठवा. हवा गेलेल्या ट्यूबमध्ये भोक असलं तरी कळत नाही. हवा भरली, दाब आला, की फुस्स! कोअरचं भोक इतकं बारीक होतं की गार पाणी त्यातून येतच नव्हतं. गाडी तापली, दाब वाढला, की पाणी बाहेर. चढावर आणि भरलेल्या गाडीला इंजिन जास्त तापतं, म्हणून तिथे गळतीही जास्त. पोरानं पुठ्ठ्यावर मारलेल्या रेघा हेच तर सांगत होत्या!

काच धुरकट का होत होती, तेही आता उमगलं. बर्फाच्या पाण्याच्या पेल्याला बाहेरून थेंब धरतात ना? हवेतली वाफ गार पृष्ठभागाला लागली की तिचं पाणी होतं. गळक्या कोअरमधलं गरम पाणी केबिनमध्ये वाफ सोडत होतं आणि ती पावसानं गार झालेल्या काचेवर जमत होती. आम्ही समजत होतो, पावसाळा आहे, काच धुरकट होणारच! कोरड्या मुलखात हा दोष दोन दिवसांत ध्यानात आला असता. इथे ओली चटई, धुरकट काच, दमट वास या सगळ्याचं खापर पावसावर फुटलं. आणि उरलेलं क्लीनरवर.

25 ऑगस्टला, रविवारी, मी पुन्हा रोह्याला गेले. कोअर काढताना मला बघायचं होतं. गाडी रात्रभर उभी, पूर्ण गार. मिस्त्रींनी कुलंट काढलं. केबिनकडे जाणारे दोन पाईप क्लिपा सैल करून सोडवले. मग डॅशबोर्डची खालची बाजू उघडायला घेतली. किती ते स्क्रू! लांब, आखूड, जाड, बारीक. वहिनींनी जुना मिसळणाचा डबा आणून दिला. पोरानं एकेका वाटीत एकेका जागेचे स्क्रू ठेवले आणि कागदावर आकृती काढून कुठली वाटी कुठली, ते लिहिलं. कोअर पेटीतून बाहेर आला तेव्हा त्याबरोबर सुकी पानं, धूळ आणि उंदराचं जुनं घरटंही निघालं.

मिस्त्रींनी कोअरचं एक तोंड बुचानं बंद केलं, दुसऱ्या तोंडाला सायकलचा पंप लावला आणि कोअर बादलीत बुडवला. पोरानं पंप मारला. बुडबुड बुडबुड! एका ठिकाणाहून बुडबुड्यांची माळ, शेजारून दुसरी आणि कोपऱ्यातून बारीकशी तिसरी. पंक्चर काढताना दिसतं अगदी तसंच.

"डाख लावून भागेल का?" दादानं विचारलं.

"एक भोक असतं तर लावला असता. ही जाळी आतून कुजलीय. आज तीन बुजवली तर उद्या चौथं पडेल." वर्षानुवर्षं कुलंटऐवजी विहिरीचं साधं पाणी घातल्याचा हा परिणाम, असं ते म्हणाले. पाण्यातले क्षार आत साचतात आणि धातू गंजतो.

तात्पुरता उपाय म्हणून त्यांनी ते दोन्ही पाईप एका तुकड्यानं एकमेकांना जोडून दिले. म्हणजे पाणी केबिनमध्ये न जाता परस्पर माघारी. आठवडाभर गाडी अशी चालली. पाणी थेंबभरही कमी झालं नाही. दोष कोअरचाच होता, हे आता शंभर टक्के ठरलं.

दादा खूश! "झालं की काम. कोकणात हीटर हवाय कुणाला?"

मिस्त्री म्हणाले, "थंडीसाठी नको. काचेसाठी हवा. वारा गरम केला की तो जास्त वाफ पेलू शकतो. हीटरचा वारा काचेवर सोडा, धुरकटपणा दोन मिनिटांत जातो. रात्रीची खिंड, पाऊस, समोरून ट्रक, आणि तुम्ही वर्तमानपत्रानं काच पुसणार?"

दादा गप्प झाला. ज्या कोअरमुळे काच धुरकट होत होती, तोच कोअर धडका असला तर काच स्वच्छ ठेवतो! मला हे फार नवल वाटलं.

इतक्या जुन्या गाडीचा नवा कोअर जवळपास मिळेना. मिस्त्रींच्या ओळखीनं मुंबईहून, कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून एक मिळाला. पण तो थेट बसवायचा नाही! आधी बादलीची परीक्षा. पंप मारला, एकही बुडबुडा नाही. मग 1 सप्टेंबरला तो बसवला. पेटी धुऊन पुसून घेतली, कोअरभोवती नवा स्पंज लावला म्हणजे तो हादरणार नाही, तोटी नवी, पाईप नवे, क्लिपा नव्या. मिसळणाच्या डब्यातले स्क्रू आकृती बघत बघत जागच्या जागी. शेवटी एकही स्क्रू उरला नाही, तेव्हा पोरगा पहिल्यांदा हसला.

अजून एक काम होतं. कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं घालून रेडिएटर भरला. पण नव्या कोअरमध्ये हवा अडकलेली असते, आणि हवा अडकली तर पाणी फिरत नाही. म्हणून गार गाडीचं झाकण उघडं ठेवून, हीटरची तोटी पूर्ण उघडून इंजिन चालू केलं. बुडबुडे येत गेले, पातळी खाली गेली की मिस्त्री भर घालत गेले. बुडबुडे थांबल्यावर, पाणी तापून वर यायच्या आत, त्यांनी झाकण लावलं. थोड्या वेळानं त्यांनी केबिनकडे जाणारे दोन्ही पाईप चाचपून पाहिले. दोन्ही गरम. म्हणजे पाणी आत जाऊन बाहेर येत होतं. झालं काम!

त्याच संध्याकाळी दादा पेणहून मूर्ती आणायला गेला. परतताना मीही वडखळपर्यंत बरोबर होते, पण मग विचार केला, खिंड बघितल्याशिवाय कसं उतरायचं? थेट रोह्यापर्यंत गेले. सकाळी शाळेसाठी पहाटेच्या एसटीनं परत यावं लागलं, पण त्याचं काही वाटलं नाही. भिसे खिंडीत पाऊस होताच. टेम्परेचरचा काटा मध्यावर स्थिर. दादानं हीटरची दांडी ओढली, पंखा लावला. काचेच्या खालच्या कडेपासून धुरकटपणा वर वर सरकत नाहीसा झाला. समोरचा रस्ता, कडेची झाडं, सगळं लख्ख! पोराच्या हातात वर्तमानपत्राचा बोळा होता, तो तसाच राहिला.

"चटई बघ रे," दादा म्हणाला.

त्यानं तळवा टेकवला. "कोरडी आहे, दादा."

थोड्या वेळानं दादा रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "त्या दिवशी मी उगाच बोललो तुला. ऐकून घ्यायला हवं होतं."

मलाही माझं बोलायचं होतं. मोठ्या माणसांना, त्यातून शिक्षकांना, हे जरा जड जातं, मुलांनो! पण मी म्हणाले, "माझंही चुकलं रे. माठाची गोष्ट मी काढायला नको होती."

तो काही बोलला नाही. मग मीच विचारलं, "खरं सांग, तेव्हा माठ भरायला खरंच विसरला होतास का?"

तो लाजून हसला. म्हणाला, "एकदा विसरलो होतो, बाई."

"आणि दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदा भरला होता. खालून पाझरत होता तो. मी सांगितलं होतं तुम्हांला."

मला काही आठवेना. माठाच्या बुडाला तेव्हा मी हात लावून पाहिला नव्हता, एवढं मात्र खात्रीनं सांगते. आता आमच्या वर्गात नवा माठ आहे. तो कोरडा सापडला, तर मी आधी माठाखालची जमीन बघते. नंतर मुलाकडे.